दोन्ही इंजिने चालू असताना विमान पडते कसे?

सोलापूरच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मुलीचे एका इंजिनाच्या विमानावरचे तास पूर्ण होत आले असून पुढच्या महिन्यात ती दोन इंजिनांच्या विमानावर, म्हणजे आमच्या बोलीत ट्विनवर, प्रशिक्षण सुरू करणार आहे. ऑस्ट्रेलियात रेनमार्क येथे २०१७ साली झालेल्या अपघाताविषयी त्यांच्या वाचनात आले आणि तेव्हापासून त्यांना एक गोष्ट उलगडत नाही. इंजिन खरोखर बंद पडलेच नव्हते, यंत्रात दोष सापडला नाही, पुढे बसलेले दोघेही पूर्ण परवानाधारक वैमानिक होते, तरीही विमान कोसळले. मग दुसरे इंजिन असण्याचा उपयोग तरी काय, मुलीने पहिल्या उड्डाणापूर्वी कोणाला काय विचारावे, आणि शिकायला विमान कोणते असावे?

मी आयुष्याची बरीच वर्षे ट्विनवर शिकवण्यात घालवली, त्यामुळे उत्तर द्यायला बसलो आहे. परंतु प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. एका बाजूची शक्ती गेली की विमानाचे काय होते, हा पहिला. तो भौतिकशास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तर कोणत्याही चांगल्या पाठ्यपुस्तकात मिळते. ज्या सरावाची सुरुवात आपल्या हातात होती, तो थांबवणेही आपल्याच हातात असताना वेळेवर का थांबवला गेला नाही, हा दुसरा. माझ्या मते खरा प्रश्न हा दुसरा आहे. मात्र पहिला समजल्याशिवाय त्याची धार कळत नाही.

प्रथम रेनमार्कची हकिगत. ३० मे २०१७ रोजी सेसना ४४१ कॉन्क्वेस्ट या दोन टर्बोप्रॉप (म्हणजे टर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या) इंजिनांच्या छोट्या विमानाने दक्षिण ऑस्ट्रेलियातील रेनमार्क येथून उड्डाण केले. विमानात तिघे होते: कंपनीत नव्याने रुजू होणारा वैमानिक, त्याची तपासणी घेणारे मुख्य वैमानिक, आणि त्या मुख्य वैमानिकांचे काम पाहायला आलेले सरकारी विमान-सुरक्षा प्राधिकरणाचे निरीक्षक. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ठरल्याप्रमाणे एका इंजिनाची शक्ती कमी करून ‘इंजिन गेले’ असा सराव सुरू झाला. विमानाने अपेक्षित चढ घेतला नाही आणि ठरलेला वेगही गाठला नाही. तरीही दोन्ही इंजिनांची शक्ती पूर्ववत करण्यात आली नाही आणि सराव सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांनी विमानावरचे नियंत्रण सुटले. तिघेही मृत्युमुखी पडले. त्या विमानाच्या निर्मात्याच्या पुस्तिकेत हा सराव ५,००० फुटांवर करावा अशी शिफारस होती. प्रत्यक्षात तो त्याहून कितीतरी खाली झाला, त्यामुळे नियंत्रण सुटल्यावर सावरण्याइतकी उंचीच उरली नाही.

या सगळ्यात ४० सेकंद हा आकडा मी विद्यार्थ्यांना नेहमी घड्याळ लावून, गप्प बसून मोजायला सांगतो. मोजताना तो फार मोठा वाटतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. एक इंजिन गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली, म्हणून विमान निम्म्या वेगाने चढेल, असा समज नवशिक्याचा असतोच, पण चांगल्या शिकलेल्या माणसांचाही असतो. तो कसा चुकतो हे मी घरखर्चाच्या उदाहरणाने सांगतो. दोन भाऊ प्रत्येकी वीस हजार कमावतात आणि एकत्र घराचा खर्च सोळा हजार आहे असे समजा. महिन्याला चोवीस हजार शिल्लक पडतात. एका भावाची नोकरी गेली की उत्पन्न निम्मे होते, पण खर्च तोच राहतो आणि शिल्लक चोवीसवरून चार हजारांवर येते. विमानाचा चढ हा या शिलकीतून होतो, उत्पन्नातून नव्हे. म्हणूनच छोट्या ट्विनमध्ये निम्मी शक्ती गेली तरी चढण्याची क्षमता ८० टक्के किंवा त्याहूनही अधिक घटते. त्यात बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने नुसता फिरत राहिला, तर तो भाऊ कमावत नाही तो नाहीच, वर घरात बसून खर्चही वाढवतो. म्हणून बंद इंजिनाचा पंखा ‘फेदर’ करायचा, म्हणजे त्याची पाती वाऱ्याला धारेने उभी करायची असतात. तसे केले नाही तर शिल्लक संपून कर्ज सुरू होते, म्हणजे विमान खाली येऊ लागते.

पायपर सेमिनोल हे जगभर प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे विमान घ्या. त्यात १८० अश्वशक्तीची दोन इंजिने असतात. पूर्ण वजनासह, समुद्रसपाटीवर, प्रमाण हवामानात, सगळे अचूक केले तर एका इंजिनावर ते मिनिटाला दोनशे-सव्वादोनशे फूट चढते आणि सुमारे चार हजार फुटांच्या आसपास तेही जवळजवळ थांबते. आता आपल्याकडचा उन्हाळा त्यात घाला. समुद्रसपाटीपासून १,००० फुटांवरच्या धावपट्टीवर ४२ अंश तापमान असेल, तर हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी सुमारे साडेचार हजार फुटांवर असते. म्हणजे चाके जमिनीवर असतानाच ते आपल्या एक-इंजिनी कमाल उंचीच्या वर गेलेले असते. मुलीच्या वडिलांना हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण ६,००० पौंडांपर्यंतच्या आणि कमी वेगाला स्टॉल होणाऱ्या (म्हणजे पंखांची उचल तुटणाऱ्या) छोट्या ट्विनने एका इंजिनावर चढलेच पाहिजे, अशी अट अमेरिकी प्रमाणीकरणाच्या ज्या नियमांखाली ही विमाने तयार झाली त्यात नव्हतीच. चढ किंवा उतार किती आहे एवढे मोजून सांगणे पुरेसे होते.

तेव्हा दुसऱ्या इंजिनाचा उपयोग काय? आठ हजार फुटांवरून जात असताना एक इंजिन गेले, तर दुसरे तुम्हाला वेळ देते आणि कोठे उतरायचे याची निवड देते. ही मोठी गोष्ट आहे. परंतु उड्डाणानंतरच्या पहिल्या मिनिटात तेच इंजिन विमानाला ढकलून बंद इंजिनाकडे वळवू पाहते आणि तुम्ही कमी वेगात असाल तर उलटवूही शकते. एका इंजिनाच्या विमानात इंजिन गेले की समोर दिसेल त्या शेतात उतरावे लागते. धोका असतोच, पण विमान निदान सरळ राहते.

या उलटण्याच्या मुळाशी किमान नियंत्रण-वेग आहे, ज्याला सगळे वैमानिक व्हीएमसी म्हणतात. एका बाजूचे इंजिन पूर्ण शक्तीने ओढत असते, दुसऱ्या बाजूला काहीच नसते, आणि विमान बंद इंजिनाकडे वळू लागते. हे वळणे शेपटीवरचा रडर थोपवतो. रडरची ताकद वेगावर अवलंबून असते, इंजिनाची तितकीशी नाही. वेग घटत गेला की एक क्षण असा येतो की पाय पेडलवर पूर्ण दाबलेला असूनही नाक वळतच राहते, मग पंख कलंडतो आणि मग नाक खाली जाते. वेगदर्शकावर या वेगाला तांबडी रेघ असते. एका इंजिनावर सर्वांत चांगला चढ देणाऱ्या वेगाला निळी रेघ असते. सेमिनोलमध्ये तांबडी रेघ ५६ नॉटवर (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आणि निळी ८८ वर आहे. विद्यार्थी या दोन आकड्यांकडे पाहून म्हणतो की मधे ३२ नॉटचे अंतर आहे, म्हणजे भरपूर झाले.

इथेच पाय घसरतो. तांबडी रेघ ही ठरावीक परिस्थितीत मोजलेली असते आणि त्या परिस्थितीत चालत्या इंजिनाच्या बाजूला पाच अंशांपर्यंत कल देण्याची मुभा गृहीत धरलेली असते. तो कल कमी पडला तर खरा व्हीएमसी प्रत्येक अंशामागे तीन नॉट किंवा अधिक वाढू शकतो, असे अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या हस्तपुस्तिकेत दिले आहे. घाबरलेला विद्यार्थी पंख सपाट ठेवतो, कधी बंद इंजिनाकडेच कलतो, आणि तांबडी रेघ त्याच्या नकळत वर सरकते. त्याच वेळी विमान चढत नाही म्हणून तो नाक उचलतो आणि वेग खाली येतो. मधले अंतर दोन्ही बाजूंनी खाल्ले जाते.

उंचीवर आणखी एक वेगळा सापळा आहे. साध्या, टर्बो नसलेल्या (म्हणजे हवा दाबून न घेणाऱ्या) इंजिनांची शक्ती उंचीबरोबर घटते, म्हणून व्हीएमसीही घटतो. पण स्टॉलचा वेग दर्शकावर तोच राहतो. त्यामुळे एका उंचीला हे दोन वेग एकमेकांना गाठतात. तिथे एका बाजूची पूर्ण शक्ती असताना विमान स्टॉल झाले, तर ते गिरकी घेऊ शकते. आणि दोन इंजिनांच्या छोट्या विमानांना गिरकीतून बाहेर येऊन दाखवण्याची चाचणी सक्तीची नसते. म्हणूनच समंजस इन्स्ट्रक्टर व्हीएमसी दाखवताना आपला पाय पेडलमागे रोवून विद्यार्थ्याचा रडर अर्ध्यावर अडवतो. रडर लवकर संपतो, नाक जास्त वेगाला वळू लागते, विद्यार्थ्याला जे पाहायचे ते दिसते आणि स्टॉल दूरच राहतो. हा प्रयोग पुरेशा उंचीवरच करायचा, हे शहाणपण फुकट आलेले नाही. १९६० च्या दशकात पायपर ट्विन कोमांचे या विमानाचे प्रशिक्षणात असे अनेक अपघात झाले, तेव्हा हे प्रात्यक्षिक खूप खालच्या उंचीवर केले जात असे. पुढे त्या विमानाचा जाहीर व्हीएमसी ताशी ८० मैलांवरून ९० मैल करण्यात आला आणि प्रात्यक्षिकाची उंचीही वर गेली.

आता ‘इंजिन गेले’ हे खोटे कसे करतात, याबद्दल. पिस्टन इंजिनात इन्स्ट्रक्टर थ्रॉटल, म्हणजे शक्ती कमी-जास्त करणारी लिव्हर, मागे घेतो, विद्यार्थी योग्य त्या क्रमाने ‘आयडेंटिफाय, व्हेरिफाय, फेदर’ (कोणते इंजिन गेले ते ओळखा, खात्री करा, फेदर करा) म्हणून दाखवतो, आणि मग इन्स्ट्रक्टर थोडी शक्ती पुन्हा देऊन पंखा फेदर झाल्यासारखी स्थिती, म्हणजे शून्य ओढ, तयार करतो. ही शेवटची पायरी विसरली तर फिरता पंखा खऱ्या फेदर झालेल्या पंख्यापेक्षा जास्त अडवतो आणि सराव हा खऱ्या संकटाहून कठीण होऊन बसतो. टर्बोप्रॉपमध्ये हा फरक फारच तीव्र असतो. २२ मार्च २०१० रोजी डार्विन येथे एम्ब्रेअर १२० ब्राझिलिया हे बरेच मोठे विमान अशाच सरावात पडले आणि दोघे वैमानिक गेले. तिथे शक्ती शून्य-ओढीला न ठेवता थेट फ्लाइट आयडलला, म्हणजे हवेत ठेवता येणाऱ्या सर्वांत कमी शक्तीला, आणली होती. रेनमार्कच्या चौकशीतही कमी झालेल्या कामगिरीचे कारण म्हणून सराव करण्याची पद्धत, वैमानिकांनी नियंत्रणे हाताळण्याची रीत, किंवा दोन्ही, असे संभाव्य म्हणून नोंदवले आहे.

एवढ्याने पहिला प्रश्न संपतो. दुसऱ्यासाठी मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

मे महिन्यातली दुपार होती, विमान साधे, बिनटर्बोचे होते आणि विद्यार्थी त्या तुकडीतला सर्वांत तयार मुलगा होता. सहाशे फुटांच्या आसपास मी उजवा थ्रॉटल मागे घेतला. त्याने पाय बरोबर दिला, बोलणे बरोबर केले, हात योग्य त्या लिव्हरकडे गेला. फक्त नाक तेवढे त्याने दोन्ही इंजिने चालू असताना असते तिथेच ठेवले. वेग निळ्या रेघेखाली गेला. मला दिसत होते. मी मनात म्हणालो, आता त्याच्या लक्षात येईल. हुशार मुलगा आहे, त्याला स्वतःला सुधारू दे. वेग आणखी पाच नॉट उतरला. तेवढ्यात स्टॉलचा इशारा किणकिणला आणि नाक उजवीकडे सरकू लागले. मी ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणालो, चालत्या इंजिनाची शक्ती कमी करत नाक खाली ढकलले, नाक सरळ होऊन वेग येताच दोन्ही थ्रॉटल एकत्र पुढे केले. आम्ही सावरलो तेव्हा उंची साडेतीनशे फूट होती.

खाली उतरल्यावर मी त्याला विचारले की वेग दिसत नव्हता का. तो म्हणाला, “दिसत होता सर, पण तुम्ही काही बोलत नव्हता, म्हणून मला वाटले की एवढे चालत असेल.” मी गप्प होतो कारण तो शांत होता, आणि तो शांत होता कारण मी गप्प होतो. माझ्या मते दोन वैमानिक असलेल्या सरावाच्या अपघातांचे सर्वांत अवघड कारण हेच आहे. विद्यार्थी एकटा असता तर त्याने नाक खाली केले असते, आणि मी एकटा असतो तर मीही केले असते.

रेनमार्कच्या तिघांविषयी मी असे ठाम विधान करणार नाही. परंतु चौकशी अहवालातल्या नोंदी वाचताना मला माझी ती दुपार आठवते. कामगिरी घसरल्याचे किंवा त्यातल्या जोखमीचे भान पुढच्या दोघांना बहुधा आलेच नाही, असे अहवाल म्हणतो. नव्या वैमानिकाचा त्या प्रकारच्या विमानावरचा अलीकडचा अनुभव थोडा होता. मुख्य वैमानिकांचे तपासनीस म्हणून प्रशिक्षण आणि त्यांची परीक्षा यांच्या मध्ये बराच काळ लोटला होता. आठवड्यापूर्वी दोघांनी हाच सराव एकदा केला होता, पण तो पुरेसा ठरला नाही. निरीक्षक मागे बसले होते आणि पुढच्या दोघांच्या संभाषण यंत्रणेत ते नव्हतेच, त्यामुळे त्यांना काही खटकले असते तरी ते सांगण्याची सोय अपुरी होती. माझ्या दृष्टीने ही शेवटची बाब सर्वांत बोलकी आहे, कारण तिसरा डोळा मुद्दाम सोबत घेतला आणि त्याला आवाज दिला नाही.

त्या दुपारनंतर मी पद्धत बदलली. उड्डाणापूर्वी मी विद्यार्थ्याला सांगू लागलो की निळ्या रेघेखाली पाच नॉट, किंवा दिशेत वीस अंशांचा फरक, किंवा मिनिटभरात चढ नाही, यांपैकी काहीही झाले की सराव संपला. कोणाची चूक, हे खाली बोलू. ‘संपला’ हा शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारू शकतो आणि तो उच्चारला की दोन्ही इंजिने परत मिळतात. गंमत अशी की हा अधिकार पहिल्याच दिवशी दिला तरी विद्यार्थी तो वापरत नाहीत. आपल्याकडे सरांना थांबवायचे म्हणजे उद्धटपणा वाटतो. म्हणून पहिल्या दोन उड्डाणांत मी त्यांना मुद्दाम, काहीही बिघडलेले नसताना, एकदा तरी ‘संपला’ म्हणायला लावत असे. तोंडाला सवय व्हावी लागते.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य केले पाहिजे. माझे पाच नॉट प्रत्येक विमानाला लागू पडतील असे नाही. अमेरिकी परीक्षा-मानकांत उड्डाणानंतरचे खोटे इंजिन-अपयश ४०० फुटांखाली देऊ नये अशी मर्यादा आहे. मी स्वतः गरम दिवशी त्याच्या दुपटीखाली देत नाही, आणि थंड सकाळी, हलक्या विमानात, लांब धावपट्टीवर कोणी माझ्या या मर्यादेहून खाली दिले तर त्याला लगेच बेजबाबदार म्हणणार नाही. सगळे अपघात याच प्रकारचे असतात असेही नाही. १९ फेब्रुवारी २०२० रोजी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियामधल्या मंगलोरजवळ (आपले मंगळूर नव्हे) सेमिनोल आणि ट्रॅव्हल एअर ही प्रशिक्षणाची दोन ट्विन हवेत एकमेकांवर आदळली आणि चौघे गेले. तिथे व्हीएमसीचा संबंध नव्हता. अनियंत्रित हवाई क्षेत्रात दोन्ही विमानांना रेडिओवरून एकमेकांपासून अंतर राखायचे होते आणि ते राखले गेले नाही.

आता मुलीने काय विचारावे. इंजिन-अपयश कोणत्या उंचीखाली दिले जात नाही आणि जमिनीवरून चाके उचलण्याआधीचा सराव किती वेगापर्यंत दिला जातो, हे तिने पहिल्याच ब्रीफिंगमध्ये विचारावे. सराव थ्रॉटलने केला जातो की मिक्स्चर (इंधन-हवेचे मिश्रण) तोडून, की इंधनाचा व्हॉल्व्ह बंद करून, हेही विचारावे; जमिनीजवळ थ्रॉटलशिवाय दुसरे उत्तर मला चालत नाही, कारण मिक्स्चर तोडलेले इंजिन हवे त्या सेकंदाला परत येईलच असे नसते. शून्य ओढ कोणत्या आकड्यावर लावली जाते, हे विचारावे. इन्स्ट्रक्टरला आकडा तोंडपाठ असला पाहिजे. इन्स्ट्रक्टरने त्याच प्रकारच्या विमानावर शेवटचा असा सराव कधी करवला, हा प्रश्न विचारायला तिला जड जाईल, पण रेनमार्कनंतर तो विचारणे रास्त आहे. चांगला माणूस त्यावर रागावत नाही. उड्डाणानंतर लगेचच्या अपयशाचा पहिला धडा सिम्युलेटरवर मिळत असेल तर तो आधी घ्यावा, तिथे चुकून उलटले तरी चहा गार होण्यापलीकडे काही होत नाही.

विमान कोणते असावे, असेही आपण शेवटी विचारले आहे. डायमंड डीए-४२ मध्ये संगणकच इंजिन सांभाळतो आणि फेदर करण्याचे कामही सोपे असते, म्हणून सुरुवात हलकी जाते. जुन्या सेनेकामध्ये सहा लिव्हर हाताळताना घाम फुटतो, पण कोणती लिव्हर कशासाठी आहे हे कायमचे कळते. मी दोन्हींवर शिकवले आहे आणि विमानापेक्षा वेळापत्रक पाहा असे सांगेन. एप्रिल-मे मध्ये ट्विनचे उड्डाण दुपारी एकचे दिले असेल, तर तिने सकाळी सहाचे मागावे, आणि सहाचे मिळत नसेल तर त्या दिवशी एक-इंजिनी सराव वगळून रेडिओ-नेव्हिगेशन करू या, असे सरांना सुचवावे.